वंशावळीतलं शेवटचं नाव

माघ शुद्ध पंचमी

सगळे म्हणतात, माझा स्वभाव संशयी आहे. सगळेच एक गोष्ट म्हणतात त्याअर्थी त्यांनी आपसात ठरवून घेतलं असणार.

आज वसंत पंचमी. सुमार खान रिवाजाप्रमाणे सकाळीच आला. जिन्याशेजारच्या दगडावर बसला, आपलं तंतुवाद्य, कमायचा, मांडीशी घेतला, त्यावर गज फिरवला आणि आमच्या घराण्याची नावं गायला लागला. त्याचा बाप माझ्या सासऱ्यांसाठी गायचा, आजोबा त्यांच्या वडिलांसाठी. आम्ही यजमान, ते आमचे मांगणियार, पिढीजात गाणारे. सतरा पिढ्यांची नावं त्याला तोंडपाठ आहेत. आजही सोळा नावं सरळ आली. सतरावं नाव आमच्या ह्यांचं. नेमका तिथे त्याला खोकला आला.

माझी लेक राजल म्हणाली, "माँसा, थंडी आहे. म्हाताऱ्या माणसाला खोकला येणारच."

येईल ना. पण सोळा नावांपर्यंत थंडी नव्हती का? खोकून झाल्यावर त्याने नाव घेतलं खरं, पण खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता. तिळाचे लाडूही त्याने इथे खाल्ले नाहीत, फडक्यात बांधून नेले.

हे लिहून ठेवते, कारण नंतर मीच म्हणेन की मला भास झाला.

माघ शुद्ध षष्ठी

काल खोकल्यावरून झोप लागली नाही. माझी भीती एकदा कागदावर मांडते, म्हणजे ती किती मोठी आहे ते मला तरी दिसेल.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. मीही या वहीत ते लिहिलेलं नाही. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. आम्हाला एकटी राजल. ह्यांचं नाव आता या जैसलमेरात मोठ्याने घेणारा माणूस एकच, सुमार खान. भावकीत रीत अशी की मांगणियाराने वंशावळीतून एखादं नाव गाळलं की ते घर बंद झालं असं धरतात. मग त्या घराच्या भिंती उरलेल्या भावाच्या. कोर्ट काय म्हणतं ते वेगळं, पण किल्ल्याच्या आत कोर्टाआधी भावकी पोचते.

उरलेला भाऊ म्हणजे माझा दीर, हणवंत सिंग. समच्या वाळूकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचे तंबू आहेत, पर्यटकांसाठी, आत संगमरवरी न्हाणीघरं. सुमार त्याच्याही घरचा मांगणियार, वाटणीनंतर दोन्ही घरांचा तोच राहिला. त्याचे दोन्ही मुलगे रोज संध्याकाळी हणवंतच्याच तंबूंत गातात. हणवंतला माझ्या किल्ल्यातल्या घराची गच्ची हवी आहे. तिथून सूर्यास्त चांगला दिसतो म्हणे. मी तीन खोल्या पाहुण्यांना देऊन पोट भरते, तर मलाही तो सूर्यास्त दिसतो आणि हवाही आहे.

आणि यंदा वाळवंटाच्या महोत्सवात नवीन कार्यक्रम. तेरसेच्या, म्हणजे त्रयोदशीच्या, संध्याकाळी स्टेडियमवर जुन्या घराण्यांचे मांगणियार आपापल्या यजमानांची वंशावळ गाणार. सगळी भावकी पहिल्या रांगांत बसणार. ही कल्पना समितीत कुणी काढली? हणवंतने. आजवर त्याला उंटांच्या शर्यतीपलीकडे कशाची हौस नव्हती.

माघ शुद्ध सप्तमी

शेजारची गवरा व्यास पापड वाळत घालायला आमच्या गच्चीवर आली होती. तिचे पापड निमित्त असतात, बातम्या खऱ्या.

"तुमचा सुमार खान काल हणवंतसिंगांच्या तंबूंत होता. चहा पीत होता," ती म्हणाली.

"पिऊ दे. तेही त्याचं यजमानघर आहे."

"खुर्चीवर बसून."

माझ्या हातातला पापड मोडला. चाळीस वर्षांत मी सुमार खानला यजमानासमोर खुर्चीवर पाहिलेलं नाही. आमच्या ह्यांनी आजारपणात त्याला किती आग्रह केला, शेजारी बस म्हणून. तो जमिनीवरच बसला, खाटेच्या पायाला टेकून. आणि हणवंतसमोर खुर्ची?

"नीट टेकून बसला होता की काठावर?" मी विचारलं.

गवराने विचार केला. "काठावर. हात जोडलेले होते. हणवंतसिंग बोलत होते आणि हा मान हलवत होता."

"हो म्हणून की नाही म्हणून?"

"लांबून काय कळतंय! मान हलत होती एवढं खरं."

मान हलत होती. मला तेवढं पुरे आहे.

माघ शुद्ध नवमी

काल लिहिलं नाही, महोत्सवाचे पाहुणे यायला लागलेत. पहिल्या खोलीतला अहमदाबादचा गृहस्थ गच्चीवर फेऱ्या मारतो. फेऱ्या मारतो की पावलांनी मोजतो, हे बघायला मी दोनदा वर जाऊन आले.

आज दुपारी हणवंत आला. घोटव्या लाडवांचा डबा घेऊन. मी डबा उघडला, पहिला लाडू गवराला खायला लावला, थोडं थांबले आणि मग स्वतः घेतला. लाडू चांगले होते.

"भाभीसा," तो म्हणाला, "राजलचं लग्न फाल्गुनातल्या फुलेरा दूजेला. माझ्या तंबूंत करू. वरात उंटांवरून येऊ दे, लोकांनी बघत राहावं."

"लग्न या घरातून होईल. तिच्या बापाच्या घरातून."

तो हसला. "बापाचं घर! भाभीसा, पोरगी सासरी गेली की या घरात कोण राहतं? मी तुम्हाला बाहेर काढतोय का? खोली आहे की तुमची, हयातभर."

"कोण काढणार मला?"

"कोणीच नाही. तेरसेला स्टेडियमवर या, म्हणजे झालं. आपल्या घराण्याचं गाणं ऐका. सुमार खानला मी सगळं समजावलंय. समजूतदार माणूस आहे."

तो गेल्यावर मी डबा गवराला देऊन टाकला. दोन लाडू ठेवले.

समजावलंय म्हणे!

माघ शुद्ध दशमी

आज मी स्वतः कलाकार कॉलनीत गेले. नवरीच्या गाण्यांचं ठरवायला आले, असं निमित्त केलं. अंगणात शिरले तर सुमार खान उघड्या डोक्याने बसला होता. समोर कमायचा, त्याच्या तारा उतरवलेल्या. केशरी पगडी शेजारी घडी घालून ठेवलेली. मला बघितल्याबरोबर त्याने दोन्हींवर चादर ओढली.

"खम्मा घणी, ठकुराणीसा. तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा."

"तारा का काढल्या?"

"जुन्या झाल्या, हुकम."

त्याची बायको लाछां चुलीपाशी बसून रडत होती. मी विचारलं तर म्हणाली धूर लागला. चूल विझलेली होती. भिंतीला एक नवं कोरं फावडं टेकवलेलं.

परतताना वाटेत मला एक जुनी गोष्ट आठवली. माझ्या माहेरी, बाडमेरकडे, आजोबांनी एका मांगणियाराचा अपमान केला होता. त्याने आमच्या दारासमोर खड्डा खणून आपली पगडी आणि वाद्याच्या तारा त्यात पुरल्या आणि निघून गेला. मांगणियाराने यजमानाला सोडायची ती रीत. त्यानंतर अकरा वर्षं त्या दारात एकही मांगणियार गायला आला नाही, कारण एकाने पगडी पुरली की दुसरा कोणी येत नाही. माझी आत्या मुक्या मांडवात लग्न होऊन गेली. तिच्या सासरी म्हातारपणापर्यंत तिला मुकी नवरी म्हणत.

आता सगळं जुळलं. तेरसेला सुमार खान ह्यांचं नाव गाळणार आणि मग माझ्या दारात पगडी पुरून हणवंतचा एकट्याचा होणार. फुलेरा दूजेला माझी राजल मुक्या मांडवातून जाणार. फावडं तयार आहे, तारा काढून झाल्यात.

माघ शुद्ध एकादशी

तो आज आला. न बोलावता. दगडावर बसला नाही, उंबऱ्याशी उभा राहिला.

"ठकुराणीसा, एक मागणं होतं. तेरसेला स्टेडियमवर येऊ नका."

"का?"

"तुमच्या मनाला त्रास होईल."

"त्रास देणारा कोण आहे?"

तो पायातल्या मोजडीकडे बघत राहिला.

"हणवंतने तुम्हाला बोलावलं होतं?"

"हो, हुकम."

"काय म्हणाला?"

"ते मी सांगू शकत नाही."

चोराने तरी काहीतरी खोटं सांगितलं असतं. याला तेवढंही वाटलं नाही! मग माझी जीभ मी आवरली नाही. म्हटलं, जिकडे ताट मोठं तिकडे तुमचं तोंड. म्हटलं, ज्याने मरताना तुमचा हात धरला त्याचं नाव विकायला किती खुर्च्या लागल्या? पगडी पुरायचे कष्ट घेऊ नका, मीच तुम्हाला सोडते. आजपासून या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही. राजलच्या लग्नात मी मशीनवर गाणी लावीन.

अहमदाबादचा गृहस्थ जिन्यात उभा राहून ऐकत होता. ऐकू दे म्हटलं.

सुमार खान एवढंच म्हणाला, "जी हुकम." वाकून उंबऱ्याला हात लावला आणि गेला.

राजल आतून आली. तिचे डोळे मी असे कधी पाहिले नव्हते. "तुम्ही त्यांना सरळ विचारलंत का, की ते नाव गाळणार आहेत?"

"विचारल्यावर कोण खरं सांगतं?"

"मग तुम्ही कुणाला काही विचारताच कशाला, माँसा?"

ती जेवली नाही. मी जेवले. चूक झालेली नसताना उपाशी का राहायचं?

माघ शुद्ध त्रयोदशी

गेलेच मी. येऊ नका म्हणाला म्हणून तर गेलेच.

सकाळी गडीसर तलावावरून मिरवणूक निघाली. सजवलेले उंट, डोक्यावर घडे घेतलेल्या मुली, मिशांना पीळ देत चालणारे तेच ते चेहरे. दरवर्षी मला गंमत वाटते. आज मी फक्त गर्दीतल्या पगड्या बघत होते. सुमार खान दिसला नाही. त्याची मुलंही नाहीत.

संध्याकाळी स्टेडियमवर पहिल्या रांगेत भावकी बसली होती. मधोमध हणवंत, नव्या कोटात. मी बायकांच्या बाजूला, पदर पुढे ओढून. दोन घराण्यांचे मांगणियार गाऊन गेले. मग सूत्रधाराने सुमार खानचं नाव पुकारलं. मी पदराआड सोळा नावं मनात म्हणून ठेवली होती, सतराव्याला तो थांबला की उठून ओरडायचं ठरवलं होतं. काय ओरडणार होते? नाव तर मला घेता येत नाही.

दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा. व्यासपीठ रिकामंच. हणवंत मागे वळून कुणाला तरी खुणा करत होता. मला वाटलं, बघा, याने त्यालाही फसवलं. आणखी काहीतरी हवं असेल.

तेवढ्यात मागच्या रांगांतून कुजबुज सुरू झाली आणि पुढे पुढे येत गेली. गवरा माणसांना ढकलत माझ्यापाशी आली.

"पगडी पुरली," ती म्हणाली. "सुमार खानने पगडी पुरली, आज पहाटे."

"माझ्या दारात? मी सकाळी बघितलं, तिथे काही..."

"तुमच्या नाही हो. हणवंतसिंगांच्या. तंबूंच्या फाटकासमोर. खड्डा खणला, पगडी ठेवली, तारा ठेवल्या, वर माती ओढली. तिथले नोकर सांगतायत, तो मोठ्याने म्हणाला की ज्या घराने मला माझ्या यजमानाचं नाव गिळायला सांगितलं, त्या घराला आता माझं तोंड नाही. आणि उघड्या डोक्याने पायी चालत गेला."

समोर दुसऱ्या मांगणियाराला व्यासपीठावर चढवायचा प्रयत्न चालला होता. तो हात जोडून मागे सरकला. त्याच्या मागचाही. हणवंत कुणाशी न बोलता उठून गेला.

यापुढे आज मला लिहवत नाही.

पौर्णिमा

समच्या वाळूत आज महोत्सवाचा शेवटचा दिवस. हणवंतच्या तंबूंत दोनशे पाहुणे जमले आणि गायला कोणी नाही, असं कळलं. मला आनंद व्हायला हवा होता.

मी दुकानातून नवी केशरी पगडी घेतली आणि कलाकार कॉलनीत गेले. सुमार खान अंगणात उघड्या डोक्याने बसला होता. त्याचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं. मुलगे कोपऱ्यात उगाच एक ढोलक पुसत बसले होते. त्यांचं संध्याकाळचं काम गेलं.

"खम्मा घणी," तो म्हणाला. पण उठला नाही.

"मला सांगितलं का नाहीत? हणवंत काय म्हणाला ते?"

"तुमच्या घरचं माणूस आहे ते, हुकम. यजमानाच्या घरातली चहाडी दुसऱ्या यजमानाकडे मांगणियाराने करायची नसते."

"आणि ती खुर्ची?"

"त्यांनी बसवलं. मी नाही म्हणालो, तर म्हणाले आज बसूनच बोलायचं. त्या खुर्चीत माझ्या पाठीला कळ लागली." थोडं थांबून म्हणाला, "उठलो तेव्हाच ठरवलं होतं. पण पोरांचं पोट तिथे होतं. लाछां आठ दिवस रडली."

आणि मी चुलीचा धूर तपासत होते.

"मी एकादशीला तुम्हाला काढून टाकलं," मी म्हटलं. "तुम्ही पगडी तेरसेला पुरलीत. माझं तुमचं काही उरलं नव्हतं. मग का पुरलीत? हणवंतकडे राहायचं होतं. कोणी नावं ठेवली नसती."

त्याने उघड्या डोक्यावरून हात फिरवला.

"नाव तुमचं नव्हतं, ठकुराणीसा. ठाकूरसांचं होतं."

मी पगडी पुढे केली. चुकलं माझं, असं म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी कितीदा म्हटलंय ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. त्याने पगडीला कपाळ लावलं आणि पुन्हा माझ्या हातात दिली.

"दोन घरं होती मला. एक मी सोडलं. एकाने मला सोडलं. आता नव्याने बांधायचं तर वय राहिलं नाही."

लाछांने चहा दिला. मी प्यायले. उठताना कोणी मला अजून बसा म्हणालं नाही.

फुलेरा दूज

राजल आज सासरी गेली. सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही.

मशीन लावायला तिने साफ नकार दिला. "मुकी गेले तरी चालेल, पण डब्यातलं गाणं नको." मांडव भरला होता आणि सगळे हळू आवाजात बोलत होते. भावकीतले म्हातारे ओळीने बसलेले. हणवंत आला नाही. वरात तोरणाशी यायला थोडाच वेळ होता. गवराने दोन गाणी म्हणायचा प्रयत्न केला, पण तिचा आवाज पापड विकायचा.

तेवढ्यात जिन्याशी कमायच्याचा सूर लागला.

सुमार खान उंबऱ्याबाहेर बसला होता. डोकं उघडं, वाद्य दुसऱ्याचं. मी पाऊल ठेवू नका म्हटलं होतं, तर त्याने ते ठेवलं नव्हतं. बाहेरच्या फरशीवर बसून त्याने सुरुवात केली. एकेक नाव. म्हातारे सरळ होऊन बसले. सोळावं नाव झालं. सतरावं त्याने असं घेतलं की खालच्या चौकातले लोक वर बघायला लागले. भावकीतल्या सगळ्यात मोठ्या काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "आहे. घर आहे."

आणि तो थांबला नाही. अठरावं नाव घेतलं, राजल कंवर. लेकीचं नाव वंशावळीत कधी घेत नाहीत. त्यावर बोलायला हवं होतं का, हे भावकीला ठरवायला वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात वरात आली.

मला नंतर कळलं. राजल काल स्वतः कॉलनीत गेली होती. तिने त्याला एवढंच विचारलं होतं, "माझ्या बापाचं नाव माझ्या लग्नात घ्याल का?" तिने सरळ विचारलं आणि त्याने सरळ हो म्हटलं. इतकं सोपं होतं ते.

निरोपाच्या वेळी राजलने त्याला मानाचं वस्त्र दिलं, त्याने ते डोक्याला लावलं. मी माझ्या हातातला नारळ आणि पगडी पुढे केली. त्याने हात जोडले.

"राजल बाईसांनी दिलं, हुकम. पोचलं."

"या घरात गायला याल ना? सणावाराला?"

"मी ठाकूरसांच्या नावाचा माणूस. ते नाव आता बाईसांबरोबर जातंय. त्यांच्या सासरच्या गावी माझ्या धाकट्याचं सासर आहे. तिथे जाऊन गाईन." मग माझ्याकडे बघून, अगदी मऊपणे म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, ठकुराणीसा. दारात काही पुरलेलं नाही मी."

उंबऱ्याला हात न लावता तो जिना उतरला.

पाहुणे गेले. घर राहिलं, गच्ची राहिली. गवरा भांडी आवरायला थांबली होती. ताटं एकात एक घालता घालता म्हणाली, "आता या दारात कोण गाणार हो? सुमार खान नाही, तर दुसरा त्याच्या जागी येणार नाही. म्हणजे तुम्ही आणि हणवंतसिंग..." आणि तिने जीभ चावली.

"बोल," मी म्हटलं. "पूर्ण कर."

ती पूर्ण करेना. ताटं रचत राहिली.

तेव्हा मीच पूर्ण केलं. "सारखेच."